चढ्या पगाराचे बोलावणे

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. ती चालविण्यासाठी जमशेटजी टाटांनी जो मनुष्य निवडला त्याने गिरणीचा धंदा पूर्वी कधीच केलेला नव्हता. बेझनजी दादाभाई मेहता हे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातील अधिकारी होते. रेल्वेची नोकरी म्हणजे त्या काळी निश्चिंतपणाची परमावधी. उलट नागपूरसारख्या आडबाजूच्या शहरी कापसाची गिरणी काढणे हे पुष्कळांना खूळ वाटत होते. जुम्मा तलावाजवळच्या पाणथळ जमिनीत भराव पडत असता एका सावकाराने, हा गृहस्थ मातीत सोने पुरतो आहे, असे म्हणून कर्ज नाकारले, आणि पुढे त्याच मातीतून सोने निघाल्याचे त्यालाच कबूल करावे लागले, ही हकीकत टाटांच्या चरित्रांतून प्रसिद्ध आहे. हकीकतीचा उत्तरार्ध ठाऊक असल्यामुळे आज मेहतांचा निर्णय सोपा वाटतो. परंतु रेल्वे सोडताना तो उत्तरार्ध घडावयाचा होता. आरंभीची यंत्रसामग्री हलकी निघाली, ती बदलावी लागली, आणि एवढे सारे निस्तरल्यावर मग गिरणीला बरे दिवस आले. मेहता पुढे अनेक दशके त्या गिरणीचे सूत्रधार राहिले व ‘सर बेझनजी’ म्हणून नागपूरकरांच्या परिचयाचे झाले.

आहे ती नोकरी सोडून दुसऱ्याच्या बोलावण्यास होकार द्यावा की नाही, या प्रश्नाचे हे एक नमुनेदार उदाहरण होय. तथापि एका बाबतीत ते अपुरे आहे. रेल्वे आणि गिरणी या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी नव्हत्या. मेहता जे शिकून गेले त्यामुळे रेल्वेचे एकही गिऱ्हाईक तुटणार नव्हते. खरी अडचण उभी राहते ती बोलावणे त्याच धंद्यातील दुसऱ्या पेढीकडून येते तेव्हा. बुटीबोरीच्या कारखान्यातील तंत्रज्ञ असो, मिहानमधील संगणक कंपनीतला अभियंता असो की सीताबर्डीवरील बँकेचा अधिकारी असो, शेजारच्या स्पर्धकाकडून दीडपट पगाराचे पत्र आले म्हणजे घरात दोन दिवस आनंद आणि पुढचे पंधरा दिवस खल चालतो. त्या खलात पगाराचा आकडाच अधिक बोलतो. वास्तविक त्या पत्रात जे लिहिलेले नसते तेच आधी तपासावयास पाहिजे.

मराठी घरात प्रथम आठवतो तो खाल्ल्या मिठाचा विचार. ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ हा संस्कार मोलाचा खरा; पण मीठ शब्दाने ज्या नात्याचा बोध होतो ते नाते आश्रयदात्याचे व आश्रिताचे आहे. कारखान्याचे आणि तेथील पदवीधराचे नाते तसे नाही. ते कराराचे आहे, आणि करारात दोन्ही बाजूंनी काय द्यावयाचे ते लिहिलेले असते. मालकालाही मंदीच्या दिवसांत मिठाची आठवण राहतेच असे नाही. म्हणून निष्ठेचा प्रश्न मनातून काढून टाकावा असे नव्हे, तर निष्ठा कोणत्या गोष्टीपुरती देणे लागतो हे आधी ठरवावे. सहकाऱ्यांना अर्ध्या कामात टाकून जाऊ नये, विश्वासाने सांगितलेले बाहेर नेऊ नये, ही निष्ठा पगाराच्या पलीकडची आहे. पण जन्मभर एकाच फाटकातून ये-जा करण्याचे वचन कोणी मागितलेले नसते आणि कोणी दिलेलेही नसते.

हे स्वातंत्र्य मात्र सर्वांना एकदम लाभलेले नाही. १८५९ साली सरकारने एक कायदा केला होता. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडून जाणाऱ्या कारागिराला वा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येई. त्याने पैसे परत करावेत किंवा कामावर जावे असा हुकूम निघे, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा असे. पैशाचा व्यवहार मोडला म्हणून तुरुंग! हा कायदा १९२५ साली रद्द होईपर्यंत नोकरी बदलणे हा काही वर्गांच्या बाबतीत चक्क गुन्हा होता. कारकून, मास्तर, अभियंता यांना त्याची झळ लागली नाही, म्हणून सुशिक्षित समाजाच्या स्मरणातूनही तो गेला.

सुशिक्षितांच्या वाट्याला आला तो १८७२ चा करार कायदा. त्याच्या सत्ताविसाव्या कलमात असे म्हटले आहे की, कोणालाही कायदेशीर धंदा, व्यापार किंवा व्यवसाय करण्यापासून अडविणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक समजावा. पेढीचा नावलौकिक विकणाऱ्याने त्या भागात तोच धंदा करू नये, एवढाच मुख्य अपवाद ठेवला आहे. इंग्लंडातील न्यायाधीश असे बंधन वाजवी की गैरवाजवी हे तोलून पाहत. येथे तराजूच ठेवला नाही. कायदा नवा असतानाच, १८७४ साली, कलकत्ता हायकोर्टापुढे एक मासलेवाईक दावा आला. एकाच वस्तीत दोन दुकानदारांची दुकाने होती. एकाने दुसऱ्याला सांगितले, ‘तू येथले दुकान बंद कर, तू कारागिरांना दिलेली नऊशे रुपयांची उचल मी भरून देतो.’ दुसऱ्याने दुकान बंद केले; पहिल्याने पैसे देण्याचे नाकारले. कोर्टात ठरले ते असे की, धंदा बंद ठेवण्याचा करारच निरर्थक, तेव्हा त्यापोटी कबूल केलेले पैसेही मागता येणार नाहीत. दुकान गेले आणि नऊशेही गेले.

या कलमाची नुसती वार्ता कानावर असलेले पुष्कळ लोक असे मानून चालतात की, नियुक्तिपत्रात काहीही लिहून घेतले असले तरी ते टिकणार नाही. ही समजूत निम्मी बरोबर आणि निम्मी घातक आहे. ती कोठे घातक ठरते हे कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातील प्रकरणावरून स्पष्ट दिसते. नोकरी बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे अशा योग्यतेचे आहे.

सेंच्युरी कंपनीला मोटारीच्या टायरसाठी लागणारे दोरीचे सूत, म्हणजे टायर कॉर्ड, तयार करावयाचे होते. त्याची विद्या हॉलंड व पश्चिम जर्मनी येथील दोन कंपन्यांकडे होती. १९६१ च्या जानेवारीत झालेल्या कराराप्रमाणे १,४०,००० जर्मन मार्क मोजून ती विद्या घेण्यात आली. अट अशी की, ती गुप्त ठेवावी आणि नोकरांकडूनही तसे लिहून घ्यावे. मार्च १९६३ मध्ये एका तरुणाची या विभागात शिफ्ट सुपरवायझर म्हणून नेमणूक झाली. त्याने पाच वर्षांच्या करारावर सही केली. मुदतीपूर्वी सोडून गेल्यास उरलेल्या काळात तोच धंदा करणाऱ्या कोणाकडेही नोकरी धरू नये, शिवाय सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी, असे कलम त्यात होते. पहिले नऊ महिने त्याचे शिक्षणच चालले होते. १९६४ च्या ऑक्टोबरात तो प्रथम चार दिवस गैरहजर राहिला, मग त्याने अठ्ठावीस दिवसांची रजा मागितली, आणि ती मंजूर होण्यापूर्वीच तो येईनासा झाला. नोव्हेंबरात त्याने कळविले की, ३१ ऑक्टोबरपासून आपण राजीनामा दिला आहे. कंपनीने राजीनामा नाकारून परत बोलाविले. त्याने उत्तर दिले की, दुसरी नोकरी मिळाली आहे. ती नोकरी होती कोटा येथील राजस्थान रेयॉन या कंपनीत, दरमहा ५६० रुपयांवर. ती कंपनीही टायर कॉर्डच काढीत होती.

सेंच्युरीने दावा लावला. खालच्या कोर्टाने २,४१० रुपये भरपाई देवविली आणि १५ मार्च १९६८ पर्यंत, म्हणजे मूळ पाच वर्षे संपेपर्यंत, टायर कॉर्डच्या उत्पादनात तशाच हुद्द्याचे काम कोटा येथे अथवा भारतात अन्यत्र कोठेही करण्यास मनाई केली. मुंबई हायकोर्टाने तोच निर्णय कायम ठेवला आणि जानेवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले.

हा आकडा थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. सहा महिन्यांची भरपाई २,४१० रुपये, तेव्हा जुना पगार दरमहा सुमारे ४०० धरावयास हरकत नाही. नव्या जागी मिळणारी चढ दीडशेच्या वर जराशी. ती एकूण एक शिल्लक टाकली तरी भरपाई फिटण्यास पंधरा महिने लागावेत. वकिलांचा खर्च निराळा, आणि ज्या कामासाठी चढ मिळाली ते काम करण्याची मनाई ती निराळीच. मात्र हेही न्यायालयाने लक्षात घेतले की, मनाई फक्त त्या एका कामापुरती आणि करारातील उरलेल्या मुदतीपुरती होती. त्याला उपाशी राहण्याची वेळ आली नव्हती. दुसऱ्या कोणत्याही धंद्यात तो जाऊ शकत होता.

तेव्हा सत्ताविसाव्या कलमाचे काय झाले? न्यायालयाने सांगितलेला भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. करार चालू असताना ‘फक्त माझेच काम कर’ असे म्हणणे म्हणजे धंद्याला अडवणूक नव्हे. करार संपल्यानंतरही ‘दुसऱ्याकडे जाऊ नकोस’ असे म्हणणे ही अडवणूक. मुंबई हायकोर्टापुढे १८९८ साली झांझिबारच्या एका डॉक्टराचे प्रकरण आले होते. त्याच्या हाताखालच्या डॉक्टराने तीन वर्षांचा करार मध्येच सोडून स्वतंत्र व्यवसाय मांडला होता. तेथेही तीन वर्षे पुरी होईपर्यंत त्याला रोखता येते असेच ठरले. याचे मूळ त्याहून जुने, १८५२ मधले, लंडनच्या संगीतनाटकगृहांतील चढाओढीत सापडते. योहाना वाग्नर ही जर्मन गायिका लम्ली नावाच्या चालकाकडे तीन महिने गाण्यास बांधली गेली होती. प्रतिस्पर्धी नाटकगृहाने अधिक पैसे देऊ केले आणि ती तिकडे जावयास निघाली. न्यायालयाने तिला दुसरीकडे गाण्यास बंदी केली, पण लम्लीकडे गाच असे सांगितले नाही. माणसाला हात धरून कामावर बसविण्याचा हुकूम न्यायालये देत नाहीत. तो तर १८५९ च्या कायद्याचा मार्ग झाला. आपल्या संगीत नाटकमंडळ्यांतून नट पळविण्याचे जे प्रकार होत, त्यांत असे खटले झाले असते तर मराठी रंगभूमीचा इतिहास काही निराळाच लिहावा लागता!

मुदत संपल्यानंतरच्या बंधनाची गत काय होते हे श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणात दिसले. या गोलंदाजाने २००० च्या ऑक्टोबरात आपल्या जाहिरातींच्या व्यवहारासाठी पर्सेप्ट डी’मार्क या संस्थेशी तीन वर्षांचा करार केला होता. त्यात असे कलम होते की, मुदत संपल्यावर दुसऱ्या कोणी देकार दिला तर तो आधी पर्सेप्टला दाखवावा आणि तितकेच देण्याची संधी तिला द्यावी. करार संपल्यावर तो दुसऱ्या संस्थेकडे गेला. वरवर पाहता ‘आधी आम्हाला विचारा’ एवढीच विनंती. पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही निरर्थक ठरविली, कारण तिचा अंमल करार संपल्यानंतर सुरू होत होता.

यावरून घरातील खलाला पहिला मुद्दा मिळतो: जुने नियुक्तिपत्र शोधून काढावे आणि त्यातील प्रत्येक बंधनापुढे, ते सही चालू असतानाचे की सुटल्यानंतरचे, हे लिहावे. बहुतेक नोकऱ्यांत ठराविक वर्षांची मुदत नसतेच. एक ते तीन महिन्यांच्या नोटिशीवर दोघेही मोकळे होतात. तेथे नोटीस संपली की बंधन संपले, आणि ‘दोन वर्षे स्पर्धकाकडे जाऊ नये’ या ओळीचा बाऊ करण्याचे कारण नाही. परंतु ठराविक वर्षांची हमी दिलेली असेल तर तिची किंमत मोजावी लागते. विजया बँकेत (ती २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली) भरती होताना, तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरीन, अशी हमी अधिकाऱ्यांकडून घेतली जाई. २००७ मध्ये लागलेल्या एका अधिकाऱ्याने २००९ मध्ये आयडीबीआय बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, दोन लाख निषेध नोंदवून भरले, आणि ते परत मिळविण्यासाठी दावा केला. हायकोर्टात तो जिंकला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. बँकेने त्याला जाण्यापासून अडविले नव्हते, जाण्याचा दर आधी सांगून ठेवला होता, आणि सरकारी बँकेला एक जागा भरण्यासाठी देशभर जाहिरात व परीक्षा यांचा खर्च करावा लागतो, हे न्यायालयाला पटले. सोळा वर्षांनंतर निकाल लागला, हेही हिशेबात धरावयास पाहिजे.

दुसरा हिशेब साचलेल्या पैशाचा. येथे पुन्हा एम्प्रेस मिलची आठवण होते. आरंभीच्या काळात कामगार नियमित टिकत नसत. दंडाचा बडगा उगारण्याऐवजी १८८६ मध्ये तेथे निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. जो टिकेल त्याचे काहीतरी साचेल, ही ती युक्ती. गिरणी २००२ मध्ये कायमची बंद पडली, पण युक्ती आता देशभर कायद्यात आली आहे. ग्रॅच्युइटीचा हक्क कायम नोकराला सामान्यतः पाच वर्षे भरल्यावर मिळतो. १९७२ च्या कायद्यातील ही अट आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. समजा, मूळ पगार व महागाई भत्ता मिळून महिना ४०,००० आहे आणि सव्वाचार वर्षे झाली आहेत. आज राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी शून्य. नऊ महिने थांबले तर महिन्याचे सव्वीस दिवस धरून दर वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे सुमारे १,१५,००० रुपये. नवा पगार महिन्याला पाच हजारांनीच अधिक असेल तर त्या नऊ महिन्यांत मिळणारी चढ ४५,००० होते. थांबणाराच फायद्यात राहतो. चढ वीस हजारांची असेल तर उलट. प्रॉव्हिडंट फंड मात्र मागे पडत नाही. तो काढून न घेता नव्या नोकरीत वळता केला तर सेवेची सलगता राहते, कराचा भुर्दंड टळतो आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षे तुटत नाहीत. पुष्कळ तरुण तो पैसा काढून दुचाकी घेतात; ती दुचाकी फार महाग पडते.

या साऱ्या बेरीज-वजाबाकीनंतर एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. स्पर्धकाने याच मनुष्याला का बोलाविले? १९१६ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने भार उचलण्याची यंत्रे करणाऱ्या एका कारखान्यातील अभियंत्याच्या बाबतीत निवाडा दिला. नोकरी सोडल्यावर सात वर्षे स्पर्धकाकडे जाऊ नये हे त्याच्यावरचे बंधन त्यांनी मोडून काढले, कारण काम करता करता अंगी आलेले कौशल्य हे त्या माणसाचेच असते. मालकाचे काय, तर त्याची गुपिते. हा भेद न्यायालयापेक्षा घरात अधिक उपयोगी आहे. नवा मालक जर माणसाच्या हाताची कसब, त्याची जाण, माणसे सांभाळण्याची त्याची हातोटी विकत घेत असेल, तर ती दर वर्षी वाढणारी वस्तू आहे आणि तिचा भावही वाढत जाईल. पण त्याचे लक्ष जुन्या पेढीच्या गिऱ्हाइकांच्या यादीवर, दरांच्या कागदावर किंवा नव्या मालाच्या आराखड्यावर असेल, तर तो दीडपट पगार एकदाच विकता येणाऱ्या मालाचा आहे. माल रिकामा झाला की वर्षभरात त्या खुर्चीचे काम संपते. शिवाय जो जुन्या घरचे सांगतो तो आपल्याही घरचे कधी सांगेल, हे नव्या मालकाला शिकवावे लागत नाही. मुलाखतीत प्रश्न कामाचे विचारले गेले की जुन्या कंपनीचे, एवढे आठवून पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

राजीनाम्याचा सुगावा लागताच जुना मालकही पगार वाढवून देऊ करतो. हा मोह मोठा असतो, कारण यात घर हलवावे लागत नाही, मुलांची शाळा बदलत नाही. पण काल जी किंमत नव्हती ती आज कशाने आली, याचा विचार व्हावयास पाहिजे. स्पर्धकाच्या पत्राने आली असेल तर पुढच्या वाढीसाठीही पुन्हा तसेच पत्र आणावे लागेल. उलट काम बदलून, अधिकार वाढवून तो थांबवीत असेल, आणि ते लेखी देत असेल, तर राहण्यात कमीपणा नाही.

जावयाचेच ठरले तर क्रम चुकू नये. नव्या जागेचे सही-शिक्क्याचे पत्र हाती येण्यापूर्वी राजीनामा देऊ नये. तोंडी शब्दावर सोडलेल्या नोकरीला कोठेच दाद नसते. हमीची रक्कम भरावयाची असल्यास ती नवी कंपनी देणार की स्वतः, हे त्याच पत्रात लिहून घ्यावे. रुजू होण्याची तारीख जुन्या नोटिशीच्या शेवटच्या दिवसानंतरची असावी, कारण एकाच दिवशी दोन हजेरीपटांवर नाव आले की सही चालू असतानाचे बंधन मोडते; कल्याणच्या तरुणाचे रजेचे अर्जही कोर्टात वाचले गेले होते. राजीनामा पोहोचल्याची सही घ्यावी. कार्यालयाचे कागद, चाव्या, संगणक पोच घेऊन परत करावेत, घरच्या संगणकावर त्यांची एकही प्रत ठेवू नये, आणि कार्यमुक्तिपत्र हाती घेतल्याशिवाय शेवटच्या दिवशी फाटकाबाहेर पडू नये.